बॉनेट उघडून विचारा : ‘वायर न कापता हे बसतं का हो?’

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेलो की आता लेन धरून चालणारी, पुढच्या गाडीच्या मागे आपोआप वेग कमीजास्त करणारी यंत्रणा बाहेरून घेऊनही बसवता येते, काही गाड्यांत. बस्स, त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की या वेळचा कॉलम सगळा त्यातच गेला. ज्यांनी क्लच प्लेट आणि मायलेजबद्दल विचारलंय त्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत थांबा, तोवर क्लच अर्धा दाबून ठेवायची सवय तेवढी सोडा.

दादा नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो, २०२२ ची कोरोला आहे, जाऊन-येऊन रोज दीड तास ड्रायव्हिंग होतं. ऑफिसमधल्या एकाने कॉमा कंपनीचं डिव्हाइस बसवलंय, ते ओपनपायलट सॉफ्टवेअरवर लेन आणि वेग सांभाळणारं. मलाही घ्यायचंय पण हार्नेस बसवायचा म्हणजे गाडीची वायरिंग फाडावी लागणार का? बायको म्हणते वॉरंटी जाईल, आणि तू तर हातच लावू नकोस, तुला साधा पंखा बसवता येत नाही. खरं सांगा, घरी जमेल का?

जमेल. पंख्यापेक्षा सोपं आहे, शिडी लागत नाही. पण आधी हार्नेस काय करतो ते समजून घ्या, नाहीतर नुसता व्हिडिओ बघून बसवाल आणि एक लाइट पेटला की घाबरून सगळं उपटून काढाल.

तुमच्या कोरोलात आरशाच्या मागे काचेला चिकटून टोयोटाचा स्वतःचा कॅमेरा आहे. तो लेन बघतो आणि गाडीच्या आतल्या दोन वायरींवरून, ज्याला कॅन बस म्हणतात, त्यावरून संदेश टाकतो की स्टीअरिंग इतकं डावीकडे घ्या, वेग इतका कमी करा. ही कॅन बस म्हणजे गावातला भोंगा समजा. बॉशने १९८६ मध्ये जगापुढे आणली, तेव्हापासून मूळ तत्त्व तेच आहे, की जो बोलेल ते सगळ्यांना ऐकू जातं आणि बोलणारा आपलं नाव सांगत नाही, फक्त विषय सांगतो. ‘स्टीअरिंगबद्दल निरोप आहे’ एवढंच. आता तुम्ही बाहेरचं डिव्हाइस त्याच वायरीला नुसतं बाजूने जोडलं तर काय होईल? टोयोटाचा कॅमेरा म्हणणार डावीकडे, तुमचं डिव्हाइस म्हणणार सरळ, दोघं एकाच विषयाच्या नावाने ओरडणार आणि स्टीअरिंगचा कंट्रोलर म्हणणार तुमचं तुम्ही आधी ठरवा, मी लाइट पेटवतो आणि बंद पडतो. म्हणून बाजूने जोडून चालत नाही, कॅमेरा आणि गाडी यांच्या मधेच बसावं लागतं, आणि हार्नेस म्हणजे तेच, मधे बसायची सोय.

आपल्याकडचे वायरिंगवाले याला कपलर-टू-कपलर म्हणतात. कॅमेऱ्यात घुसलेला मूळ कपलर, म्हणजे वायरींच्या टोकाचा प्लग, काढायचा, तो हार्नेसच्या एका तोंडात घालायचा, हार्नेसचं दुसरं तोंड कॅमेऱ्यात घालायचं. संपलं. एक वायर कापायची नाही, सोलायची नाही, टेप मारायची नाही. मधे एक छोटी डबी येते आणि त्या डबीत रिले, म्हणजे विजेवर आपोआप उघड-बंद होणारा स्विच, असतो. डिव्हाइस बंद असेल किंवा काढून ठेवलं असेल तेव्हा रिले दोन्ही बाजू सरळ जोडून ठेवतो, म्हणजे टोयोटाचा कॅमेरा थेट गाडीशी बोलतो, जणू मधे कोणी नाहीच. डिव्हाइस चालू होऊन गाडी ओळखली की रिले उघडतो, मग कॅमेऱ्याचे स्टीअरिंगचे आणि क्रूझचे निरोप अडवून त्या जागी डिव्हाइस आपले निरोप टाकतं आणि बाकीचे जसेच्या तसे पुढे सोडतं. मला या सगळ्या प्रकारात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे खरंतर, सॉफ्टवेअर वगैरे नंतर. गाडी विकताना दहा मिनिटांत काढा, कपलर परत जागेवर, गाडी होती तशी.

आता बसवताना. गाडी बंद करा, किल्ली गाडीपासून लांब ठेवा, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या म्हणजे सगळे कंट्रोलर झोपतात. इग्निशन चालू ठेवून कॅमेऱ्याचा कपलर ओढला तर गाडी फॉल्ट नोंदवून ठेवते आणि मग डॅशबोर्डवर दिवाळी. आरशामागचं प्लॅस्टिकचं कव्हर क्लिपांवर असतं, स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, ओरखडे पडतात आणि काचेला लागला तर आणखी वेगळा खर्च. प्लॅस्टिकची पट्टी मिळते ती वापरा. कपलरला लॉक असतं, ते दाबून मगच ओढायचं आणि ओढायचं ते कपलरला धरून, वायरला धरून नाही. कॅमेरा मात्र त्याच्या ब्रॅकेटमधून शक्यतो हलवूच नका, त्याचा कोन कंपनीत लावलेला असतो. नवीन कपलर घालताना ‘टक’ असा आवाज आलाच पाहिजे. हे मी पुढच्या उत्तरात परत सांगणार आहे कारण निम्म्या तक्रारी या एका ‘टक’च्या असतात.

किटमध्ये आणखी एक वस्तू येते, स्टीअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये (मेकॅनिक तपासणीचं मशीन लावतात ते सॉकेट) घालायची, तिथून नेटच्या केबलसारखी एक वायर वर डबीपर्यंत जाते. याने डिव्हाइसला गाडी बंद असतानाही करंट मिळतो आणि काही गाड्यांत कंट्रोलरची ओळख पटवायलाही ती लाइन वापरली जाते, त्यामुळे ‘ही कशाला’ म्हणून खोक्यात ठेवून देऊ नका. ही वायर वर नेताना खिडकीच्या बाजूच्या पिलरमधून न्यावी लागते आणि तिथे पडद्यासारखा उघडणारा एअरबॅग असतो. वायर त्याच्या मागून न्यायची, वरून आडवी नाही. नाहीतर एअरबॅग उघडायच्या क्षणी वायर मधे येणार. पिलरचं कव्हर उघडल्यावर पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांना हात नाही लावायचा. एवढ्या एका भागासाठी कोणी जाणकार बरोबर घेतलात तर मी नावं ठेवणार नाही, बायकोही ठेवणार नाही.

डिव्हाइसचा पाया काचेला चिकटवायचा तो आधी काच अल्कोहोलने पुसून, काळ्या ठिपक्यांच्या पट्टीवर न लावता. थ्री-एमची जी व्हीएचबी टेप असते ती साधारण २१ अंशाला २४ तासांत नव्वद टक्के पकडते आणि पूर्ण पकडायला ७२ तास घेते. तुमच्याकडे जानेवारीत ड्राइव्हवेवर उभं राहून लावली तर धरणारच नाही, हीटर लावून काच कोमट करा किंवा गॅरेजमध्ये लावा, आणि चिकटवल्याबरोबर त्यावर वजन टांगू नका. पाया वाकडा लागला की कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याचा कोन जुळवून घेणं, होत नाही, म्हणून मधोमध आणि सरळ.

बॅटरीची काळजी असेल तर, गाडी बंद केल्यावर डिव्हाइस ३० तासांनी किंवा व्होल्टेज ११.८ च्या खाली गेलं की स्वतः बंद होतं. भारतात महिनाभर येणार असाल तर तरी ओबीडीतली वायर काढूनच या.

वॉरंटीचं वहिनींना असं सांगा. एक, २०२२ च्या गाडीची तीन वर्षं किंवा ३६,००० मैलांची मूळ वॉरंटी संपलीच आहे, राहिली असेल तर पाच वर्षांची इंजिन-गिअरबॉक्सची. दोन, अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे, त्यानुसार बाहेरची वस्तू लावली एवढ्याच कारणाने कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही, त्या वस्तूमुळेच बिघाड झाला हे तिला दाखवावं लागतं. तरी सर्व्हिसिंगला देताना डिव्हाइस काढून ठेवायची पद्धत चांगली, डीलरकडे वाद घालत बसण्यात शनिवार जातो. आणि इन्शुरन्सवाल्याला एक मेल टाकून ठेवा.

मी मिसिसागा, कॅनडा. मित्राच्या २०१७ सिव्हिकमध्ये कॉमा मस्त चालतं म्हणून मी माझ्या २०१९ सिव्हिकसाठी तोच होंडा निडेक हार्नेस मागवला, तर कपलर बसतच नाहीये. थोडा जोर लावू का? की पिना घासून चालेल?

अहो थांबा. जोर लावू नका, घासू तर अजिबात नका. मित्राची गाडी आणि तुमची गाडी बाहेरून सख्ख्या बहिणी दिसतात पण २०१६ ते १८ च्या सिव्हिकला निडेकचा संच आहे आणि २०१९ ते २१ ला बॉशचा. कॅमेरा वेगळा, कपलर वेगळा, पिनांचा क्रम वेगळा. कपलरचे आकार मुद्दाम वेगळे ठेवतात ते याचसाठी, की चुकीचा बसूच नये. तुम्ही परत पाठवा आणि होंडा बॉश-ए मागवा. ह्युंदाई-किआवाल्यांनी तर डबल लक्ष द्यायचं, त्यांचे हार्नेस अक्षरानुसार इतके आहेत की आमच्या लहानपणीच्या बाराखडीची आठवण येते, मॉडेल आणि वर्ष दोन्ही बघूनच ऑर्डर करा.

बरोबरचा आला की पुढचं आत्ताच सांगून ठेवतो, कारण तुमचं दुसरं पत्र तेच येणार. स्क्रीनवर ‘कॅन एरर, कनेक्शन तपासा’ आलं तर दहापैकी आठ वेळा कपलर अर्धवट बसलेला असतो. बाहेरून बसल्यासारखा दिसतो, पण ‘टक’ झालेलं नसतं. काढा, परत घाला, बोटाने मागून ढकलून बघा, ओढून बघा. रिलेबद्दलची तक्रार आली म्हणजे डिव्हाइसचं म्हणणं असतं की मी कॅमेऱ्याला गप्प केलंय तरी त्याचा आवाज पलीकडे ऐकू येतोय. तिथे डबी आणि हार्नेस यांच्यातला जोड किंवा डबीकडून डिव्हाइसकडे जाणारी केबल आधी बघायची. ही केबल दिसते फोनच्या चार्जरसारखी, म्हणून लोक घरातली कुठलीही टाइप-सी लावून बघतात. तसं करू नका, किटमधलीच लावा. आणि ‘डॅशकॅम मोड’ आला तर वायरिंगचा दोष असेलच असं नाही, डिव्हाइसला तुमची गाडी ओळखता आलेली नाही एवढंच, मग ते नुसतं शूटिंग करतं, गाडीला हात लावत नाही. तेव्हा ओबीडीवाली वायर बसलीय का बघा.

सर, पुण्यात असतो. माझ्याकडे महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आहे अडासवाली (लेन, वेग सांभाळायला मदत करणारी यंत्रणा असलेली), भावाकडे स्विफ्ट. अमेरिकेतून येणारा मित्र कॉमाचं डिव्हाइस आणायला तयार आहे. दोन्हीपैकी कुठे बसवू?

कुठेच नाही. मित्राला त्याऐवजी बदाम-पिस्ते आणायला सांगा.

कारण सांगतो, कारण हे बऱ्याच जणांच्या डोक्यात गोंधळलेलं असतं. हार्नेस गाडीला हात-पाय देत नाही. स्टीअरिंग फिरवणारी मोटर, ती संगणकाच्या निरोपावर फिरायची सोय, वेग सांभाळणारं क्रूझ, हे सगळं गाडीत कंपनीतूनच असावं लागतं, बाहेरचं डिव्हाइस फक्त कॅमेऱ्याच्या जागी बसून जास्त हुशारीने निरोप देतं. भावाच्या स्विफ्टमध्ये निरोप ऐकणाराच कोणी नाही. स्टीअरिंग इलेक्ट्रिक आहे म्हणजे ते बाहेरून फिरवता येतं असं नाही, आणि ‘मी करून देतो’ म्हणणारा कोणी भेटला तर गाडी घेऊन उलटं फिरा.

तुमच्या एक्सयूव्हीत हात-पाय आहेत. भारतात २०२० मध्ये एमजी ग्लॉस्टर अडास घेऊन आली आणि २०२१ मध्ये तुमची ७००, तेव्हापासून आपल्याकडे हा शब्द शोरूमबाहेर पडला. पण ओपनपायलटच्या यादीत दोनशेहून जास्त मॉडेलं असली तरी महिंद्रा त्यात नाही, कारण प्रत्येक गाडीच्या कॅन बसवर कोणता आकडा म्हणजे काय हे कोणीतरी बसून शोधून काढलेलं असावं लागतं. ते नसताना हार्नेस जुळवून बसवणं म्हणजे अनोळखी गावात भोंगा हातात घेऊन कानडीत बोलायला लागण्यासारखं आहे, कोणाला काय समजेल सांगता येत नाही, आणि इथे ऐकणारा स्टीअरिंग फिरवतो.

शिवाय तुम्ही पुण्यात गाडी चालवता. सिंहगड रोडवर उलट्या बाजूने येणारा स्कूटर, मधे पट्टाच नसलेला रस्ता, गणपतीचा मांडव. कंपनीने दिलेलं लेन-असिस्टच तुम्ही शहरात बंद करून ठेवत असाल, खरं सांगा. एक्स्प्रेसवेवर गाडीत आहे तेच वापरा. एक मात्र, समोरची काच बदलली असेल किंवा पुढे बदलाल तेव्हा कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. काचवाला ‘गरज नाही हो’ म्हणाला तरी.

कोल्हापूरहून लिहितो. एका अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात ‘अडास डॅशकॅम’ बसवून घेतला, लेन सोडली किंवा पुढची गाडी जवळ आली की बोंबलतो. पण गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की स्टार्टच होत नाही. दुकानदार म्हणतो बॅटरी बदला. बॅटरी आठ महिन्यांची आहे. फोटो पाठवतोय.

फोटो बघितला. बॅटरी बदलू नका, बिचारीचा काही दोष नाही.

तुमच्या दुकानदाराने फ्यूज बॉक्समधून कायम चालू असलेला प्लस उचललाय आणि साधा पाच व्होल्टचा अ‍ॅडाप्टर लावून कॅमेऱ्याला दिलाय. म्हणजे कॅमेऱ्याच्या मते तुमची गाडी चोवीस तास चालूच आहे आणि तो इमानदारीत पार्किंगमधल्या मांजरांचं रेकॉर्डिंग करतोय. हिशोब करा, समजा ०.३ अँपियर घेतो. दिवसाचे ७.२ अँपिअर-तास. तीन दिवसांत २१.६. तुमची बॅटरी ३५ ची, ती पण पूर्ण भरलेली असेल तर. चौथ्या दिवशी स्टार्टर मारायला काय उरणार?

याला योग्य किट तीन वायरींचं असतं. पिवळी कायमच्या प्लसला, लाल किल्लीबरोबर येणाऱ्या-जाणाऱ्या प्लसला, काळी बॉडीच्या अर्थिंगला. लाल वायरवरून कॅमेऱ्याला कळतं की मालक उतरले, आता पार्किंग मोड. आणि किटच्या डबीत कटऑफ असतो, व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की कॅमेरा बंद. हा आकडा सेट करता येतो, तिथे १२.२ ठेवा. बरेच लोक ११.८ ठेवतात म्हणजे रेकॉर्डिंग जास्त वेळ चालेल, पण पूर्ण भरलेली बॅटरी १२.६-१२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी आणि ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. पार्किंग मोड नकोच असेल तर आणखी सोपं, सगळं किल्लीवाल्या प्लसवर घ्या, विषय संपला.

दुसरी गोष्ट तुमच्या फोटोत मला जास्त टोचली. वायर फ्यूजच्या पायाला गुंडाळून वरून फ्यूज ठोकलाय. असं करायचं नसतं हो. फ्यूज टॅप नावाची वस्तू चहा-वड्याच्या पैशात मिळते, तिच्यात मूळ फ्यूज पण राहतो आणि नवीन वायरीला स्वतःचा वेगळा छोटा फ्यूज मिळतो. गुंडाळलेल्या वायरीमुळे फ्यूजची पकड सैल होते, तिथे गरम होतं, प्लॅस्टिक वितळतं. आणि टॅप एअरबॅगच्या किंवा एबीएसच्या फ्यूजवर कधीच नाही, सिगारेट लायटर, मागचा वायपर असलं काहीतरी निवडा.

बदल करून घेतल्यावर खात्री करायची असेल तर बॅटरीच्या मायनसमध्ये मल्टीमीटर अँपियरवर लावा, गाडी लॉक करा, अर्धा तास जाऊ द्या. ५० मिलिअँपियरच्या खाली आलं तर झोप शांत. मीटर लावलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जातो. मी दोनदा घालवलाय.

नाशिक. गाडी टॉप मॉडेल नाही म्हणून बाहेरून ब्लाइंड स्पॉटचा सेट बसवून घेतला. फिटरने स्पीडचा सिग्नल पाहिजे म्हणून स्टीअरिंगखालच्या दोन पिळलेल्या वायरी सोलून त्याला जोडल्या. उन्हाळाभर चाललं, आता पाऊस सुरू झाल्यापासून एबीएस आणि स्टीअरिंगचा लाइट येतो-जातो. सर्व्हिस सेंटर कंट्रोलर बदलायचं म्हणतंय.

‘दोन पिळलेल्या वायरी’ वाचलं आणि पुढचं वाचायच्या आधी कपाळाला हात लावला. तीच कॅन बस, एडिसनवाल्यांच्या उत्तरातली. ती पिळलेली असते ती शोभेसाठी नाही, आजूबाजूचा विजेचा गोंगाट दोन्ही वायरींवर सारखा पडावा आणि वजा होऊन जावा म्हणून. फिटरने पीळ सोडवला, सोललं, नुसती पीळ मारून काळी टेप गुंडाळली. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळला, पावसात ओल गेली, तांबं हिरवं पडलं.

कंट्रोलर बदलायच्या आधी एक मोजणी करून घ्या, पाच मिनिटांची आहे आणि फुकट. बॅटरीचा मायनस काढा, थोडा वेळ थांबा, ओबीडी पोर्टच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये ओहम मोजा. कॅन बसच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, त्यामुळे मिळून ६० च्या आसपास यायला पाहिजे. १२० आलं तर एक टोक तुटलंय. ४० आलं तर बाहेरून लावलेल्या सेटमध्ये तिसरा रेझिस्टर आहे आणि तो कॅन बसवर ओझं टाकतोय. शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात, बहुतेक त्या टेपखालीच. ६० आलं तरी तो जोड तिथे ठेवायचा नाहीये. बाहेरचा सेट पूर्ण काढायला लावा, सोललेला भाग नीट क्रिम्प करून वर गोंदवाली हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवायची, पीळ जोडाच्या जितका जवळ परत आणता येईल तितका आणायचा. मग फॉल्ट पुसा आणि एक पावसाळी आठवडा चालवून बघा. तरी लाइट आला तर कंट्रोलरचं बोलू.

पुढच्या वेळी ब्लाइंड स्पॉटचा असा सेट घ्या ज्याला स्पीड जीपीएसवरून कळतो, किंवा जो नुसता इंडिकेटरच्या वायरवर चालतो. कॅन बसला हात लावायचाच असेल तर कपलरवाला हार्नेस आहे का विचारा, नसेल तर नको म्हणा.

नागपूरला महापालिकेच्या बसमध्ये ड्रायव्हरसमोर एक छोटा गोल डिस्प्ले बघितला, पुढची गाडी जवळ आली की वाजतो. आमच्या ट्रॅव्हल्सच्या गाड्यांत लागेल का?

लागेल. तुम्ही बघितलं ते आयरास्ते प्रकल्पातलं, २०२१ मध्ये नागपुरात सुरू झाला, महापालिका, इंटेल, हैदराबादची आयआयआयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था (सीआरआरआय) वगैरे मंडळी त्यात होती. यंत्र मोबिलआय कंपनीचं. हे गाडी चालवत नाही, फक्त सांगतं, म्हणून जुन्या गाडीतही बसतं. काचेवर कॅमेरा आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर डिस्प्लेवर सेकंदात. त्याला वेग, ब्रेक आणि दोन्ही इंडिकेटर कळावे लागतात, नाहीतर तुम्ही इंडिकेटर देऊन लेन बदलली तरी ते बोंबलेल आणि ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी त्यावर फडकं टाकेल. कॅनमधून सिग्नल घ्यायला वायर न सोलता वरून चिमट्यासारखा बसणारा सेन्सर मिळतो, तोच मागा, वर नाशिककरांचं वाचलंतच. ड्रायव्हरला बसवायच्या आधी विचारा, नंतर नाही.

मी वाईची. मुलगा सॅन होजेला असतो. त्याने स्वतःच गाडीत काहीतरी वायरी जोडल्यात आणि आता गाडी आपोआप चालते म्हणतो. व्हिडिओत बघितलं, हात मांडीवर होते. मला रात्री झोप नाही. हे सुरक्षित आहे का?

काकू, तुमच्या मुलाने जोडलंय ते बहुतेक वर लिहिलेलंच. गाडी आपोआप चालते हे तो कौतुकाने म्हणतोय, खरं तसं नाहीये. लेन आणि वेग सांभाळायला मदत होते, सिग्नल, माणूस, कुत्रं, खड्डा याची जबाबदारी त्याचीच. हे बनवणाऱ्या जॉर्ज हॉट्झलाही २०१६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी रस्ता-सुरक्षा खात्याने पत्र पाठवून हेच विचारलं होतं, की हे सुरक्षित आहे ते दाखवा. तेव्हा त्याने विकायचं यंत्रच रद्द केलं आणि महिन्याभरात सगळं सॉफ्टवेअर लोकांना फुकट उघडं करून दिलं. म्हणजे तुमचा प्रश्न साधा नाही, सरकारने विचारलेला आहे.

धीर द्यायचा तर असा देतो. ब्रेकवर पाय ठेवला की ते सोडून देतं. किती जोरात वळवायचं, किती जोरात ब्रेक लावायचा याला वेगळ्या चिपमध्ये मर्यादा घातलेल्या असतात, हुशार सॉफ्टवेअर चुकलं तरी त्या ओलांडता येत नाहीत. आणि त्या डिव्हाइसला दुसरा कॅमेरा असतो, तो रस्त्याकडे नाही, ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघतो. मान वळली, डोळे मिटले, फोनकडे बघितलं की आधी वाजतं, मग जोरात वाजतं, तरी लक्ष दिलं नाही तर गाडी हळू करायला लागतं. २०२० मध्ये तिथल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने अशा १७ यंत्रणा तपासल्या तेव्हा याला मोठमोठ्या कंपन्यांच्या वर पहिला नंबर दिला होता.

हात मांडीवर चालतात, डोळे मांडीवर चालत नाहीत. त्याला एवढंच विचारा की चेहऱ्याकडे बघणाऱ्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी तर लावली नाहीस ना, आणि तो कॅमेरा बंद करणारं कुठलं दुसरं सॉफ्टवेअर तर टाकलं नाहीस ना. उत्तर द्यायला वेळ लावला तर समजून जा. आणि काकू, तो व्हिडिओ गाडी चालू असताना त्याने स्वतःच काढला होता की शेजारी कोणी बसलं होतं, ते मला पुढच्या पत्रात नक्की कळवा.